मांजराला चातुर्मास

प्रस्तुत लेखक स्वतःला वनस्पतींचा जाणकार समजतो. हर्सूल टी पॉइंटच्या अलीकडे त्याच्या गच्चीत, रंगाच्या रिकाम्या डब्यांत, गवती चहा, पुदिना, तुळस, पानओवा अशी मंडळी नांदतात, आणि चहाला आलेला पाहुणा त्यांची लॅटिन नावं ऐकल्याशिवाय सुटत नाही. घरात मांजर आलं तेव्हा या विद्वत्तेला नवं कुरण मिळालं. कुठलं पान मांजराला चालतं, कुठलं नाही, हे तो आता कुणी न विचारताही सांगतो.

मनीने अर्थात सल्ला घेतलेला नाही. ती गवती चहापाशी बसते, मान तिरकी करते, पात दाढेखाली धरते आणि करकर चावते. अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ या प्राणिकल्याण संस्थेच्या यादीत गवती चहा, पुदिना आणि पानओवा हे तिघेही मांजराला अपायकारक म्हणून नोंदलेले आहेत. फार खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात. म्हणजे निम्मी बाग बाद. कोथिंबीर तेवढी निर्धोक, तर मनी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता खोकली. संपादकांनी कात्री लावली तरी लेखक खोकलीबद्दल बोलणारच. परदेशी मांजरांना नाद कॅटनिपचा. ते पुदिन्याच्याच कुळातलं. त्यातल्या नेपेटालॅक्टोनच्या वासाने साधारण तीनांतली दोन मांजरं लोळण घेतात, उरलेलं एक तटस्थ राहतं. हौशी लोक त्याच्या पुड्या पैसे मोजून मागवतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला ती फुकट उगवते! खोकली, म्हणजे अकॅलिफा इंडिका. दातेरी पानं, तुऱ्यावर हिरव्या इवल्या वाट्या. पानांत काही नाही, जादू मुळात. लेखकाने तण म्हणून एक रोप उपटलं, तर मनी धावत आली, मुळाला गाल घासू लागली, लाळ गाळू लागली. मागोमाग भिंतीवरून एक अनोळखी बोका उतरला. मग मनीने लेखकाच्या हातालाही गाल घासला. अखेर आपली कदर झाली म्हणून तो गहिवरला. साबणाने हात धुतल्यावर ते प्रेम ओसरलं.

तर, बागेची एवढी चिंता करण्यात अर्थ नाही. खरा धोका फोडणीत आहे. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं मांजराच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतात, तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग होतो. लसूण कांद्यापेक्षा जहाल. शिजवून, वाळवून, मसाल्यात कुटूनही गुण जात नाही. पंडुरोगात मरगळ, फिकट हिरड्या, तांबूस लघवी ही लक्षणं दिसतात काही दिवसांनी. तोवर कालवण कुणाच्या लक्षात राहतंय?

शेजारच्या मावशी गल्लीतल्या मांजरांना रोज उरलेलं कालवण-पोळी कुस्करून घालतात. लेखकाने हे सगळं त्यांना हिमोग्लोबिनसकट ऐकवलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे मांजराला चातुर्मास लागला का काय सर?”

यावर लेखकाकडे उत्तर नव्हतं.

पण एका गोष्टीवर त्याला विनोद सुचत नाही. मांजर मलूल दिसलं की आपल्या घरातली तापाची गोळी अर्धी करून त्याला चारणारे लोक आहेत, आणि ते मायेनेच चारतात. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची माणसाच्या यकृताची युक्ती मांजराच्या यकृताला नीटशी जमत नाही. एका गोळीत मांजर मरू शकतं. पिसवांसाठी निलगिरीचं तेल चोळणं हाही तसलाच घात. मनीने पुदिन्याचं एक पान चघळलं तर घाबरायचं काही नाही. पण बाटलीतला अर्क अंगाला लागला की ती तो चाटून पोटात घेणार. अशा वेळी घरचा वैद्य नको, पशुवैद्य गाठावा, तोही त्याच दिवशी.

मावशी हल्ली मसाला घालायच्या आधी उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे, हाडं काढून, बाजूला ठेवतात. याचं श्रेय लेखक आपल्या व्याख्यानाला देतो. मावशींच्या मते कांदा महागलाय.