लॅपटॉपोल्लास, अर्थात सुरू न होणाऱ्या यंत्राचे शास्त्रोक्त उपचार

कल्याणीच्या गादीवरच्या तिसऱ्या सोमेश्वराने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ लिहिला. हत्ती कसा धरावा, मासा गळाला कसा लावावा, शेतातला उंदीर कसा शिजवावा, विडा कसा करावा, खजिना कसा राखावा, असे राजाला ठाऊक हवे ते सगळे त्याने शंभर अध्यायांत बसवले. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, एवढे बारीकही त्याच्या नजरेतून सुटले नाही. सुटला तो लॅपटॉप. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि आमचे राजेश्वर गाव त्याच तालुक्यातले. नऊशे वर्षे अडून राहिलेले हे काम तालुक्याबाहेरच्या कोणी पुरे करावे, हे आमच्या मनाला पटेना.

सोमेश्वराने ग्रंथाचे पाच भाग पाडले: राज्य मिळवणे, ते टिकवणे, त्याचा उपभोग, मग विनोद, शेवटी क्रीडा. आम्हीही तीच वाट धरतो.

राज्यप्राप्ती

लॅपटॉप सुरू होत नाही ही बातमी घराबाहेर जायला चार्जर लावण्याइतकाही वेळ लागत नाही. पीकविम्याची किंवा स्कॉलरशिपची शेवटची तारीख उद्याची असेल तर त्याहूनही कमी. मंडळी जमतात. कानडीत सल्ला येतो, ‘ऑफ माडि ऑन माडि.’ मागून दखनीत येतो, ‘बंद करके चालू करो, मियाँ.’ उमरग्याचे पाहुणे मराठीत सांगतात, ‘एकदा बंद करून चालू करून बघा की.’ भाषावार प्रांतरचनेला इतकी वर्षे झाली तरी या एका मुद्द्यावर सीमाभागात संपूर्ण एकमत आहे. कोणी हसू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांसाठी कळवले होते की रिस्टार्ट करून पाहा, पंधरा पंधरा वेळाही करावे लागेल. दखनी काकांनी हे फुकट सांगितले असते.

तरीही बटण एकाच माणसाच्या हाती असावे. ज्याचा अर्ज अडकला आहे तो राजा. बाकीच्यांना चहा द्यावा. चहा लॅपटॉपापासून दोन हात लांब ठेवावा. हा नियम या ग्रंथातला सर्वांत जुना आहे आणि सर्वांत कमी पाळला जातो.

राज्यस्थैर्य

सगळी विद्या इथे आहे, म्हणून इथे बसून वाचावे. लॅपटॉप सुरू होणे ही एक क्रिया नव्हे. सोलापूरहून निघणारी हैदराबादची बस आली नाही म्हणजे गाडी कुठे अडकली हे आधी विचारावे लागते: उमरग्यात, सस्तापूर बंगल्यावर, की अजून डेपोतच? लॅपटॉपातही तसेच आहे. आधी वीज, मग पडदा, मग मेमरी, मग डिस्क, शेवटी विंडोज. कुठवर आला ते पाहावे आणि त्याच थांब्यावर जावे. डेपोत उभ्या गाडीसाठी हुमनाबादला फोन करणारे लोकच विंडोज नव्याने टाकायला धावतात.

वीज. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर यंत्रावर रागावण्याआधी भिंतीवरचे बटण पाहावे. मग दुसरे सॉकेट, मग शेजाऱ्याचा चार्जर. पिन आणि व्होल्ट जुळत असतील तरच. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्ट पेलतात, पण पंपसेटची वीज आली-गेली की गावात जो झटका बसतो त्याची नोंद चार्जरवरच्या लेबलात नसते. तरीही काही नाही तर शास्त्रातला मुख्य विधी करावा. चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, आणि बटण तीस सेकंद दाबून धरावे. आत साचलेला विद्युतभार निघून जातो. मग नुसता चार्जर लावून सुरू करावे. हा विधी करताना डोळे मिटून माणिकप्रभूंचे नाव घेतले तर तीस सेकंद नीट मोजले जातात, एवढाच त्याचा तांत्रिक फायदा.

पडदा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. अशा वेळी मोबाइलची बॅटरी लावून उजेड पडद्यावर तिरका पाडावा. अंधुक अक्षरे दिसली तर यंत्र शाबूत आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. काहीच दिसले नाही तर एचडीएमआयची वायर घरच्या टीव्हीला जोडावी. मालिका चालू असेल तर हा उपाय रात्री साडेदहानंतर करावा. आधी केल्यास येणारा बिघाड लॅपटॉपाचा नसतो.

मेमरी. यंत्र पिप् पिप् करते किंवा कुठलासा दिवा ठराविक ताल धरून लुकलुकतो. एचपीत बहुधा कॅप्सलॉकचा दिवा, डेलमध्ये बॅटरीचा. हे लाडात येणे नव्हे, हा निरोप आहे. किती वेळा आणि कुठल्या रंगात ते कागदावर लिहावे. कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक तालाचा अर्थ दिलेला असतो. पुष्कळदा अर्थ निघतो रॅमचा. पौषात खळ्यावर तुरीची रास चालते तेव्हा तिचा भुसा घरातल्या देवापासून लॅपटॉपापर्यंत सगळ्यांवर समान बसतो. वॉरंटी संपली असेल तर वीज आणि बॅटरी तोडून मागचे झाकण उघडावे, रॅमची पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडेवर पेन्सिलीचा रबर हलका फिरवावा आणि खट्कन बसेपर्यंत परत दाबावी. नव्या सडपातळ लॅपटॉपात रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. तिथे हा उपाय नाही. रबर मुलांना परत द्यावा.

आयुधपूजेचा प्रश्न इथेच मिटवू. खंडेनवमीला ट्रॅक्टर, कुऱ्हाड आणि लॅपटॉप एका पाटावर येतात, त्याला शास्त्राची हरकत नाही. हळदकुंकू झाकणावर लावावे. यूएसबीच्या खाचेत घातलेले कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत निघत नाही.

डिस्क. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात येते, ‘नो बूटेबल डिव्हाइस’. घरात शांतता पसरते. कोणी तरी म्हणते, ‘गेलं सगळं.’ सगळे गेलेले नसते, बऱ्याच वेळा पेनड्राइव्ह राहिलेला असतो. यंत्र विंडोज शोधायला आधी त्यात जाते आणि तिथे त्याला मेहुण्याच्या लग्नाचे फोटो सापडतात. पेनड्राइव्ह काढावा. तरी तेच, तर बटण दाबताच एफ-२ टकटक दाबत राहावे, एचपीत एफ-१०. निळसर किंवा करडा तक्ता येतो, तो बायोस. त्यात डिस्कचे नाव दिसते का, एवढेच पाहावे. दिसले तर क्रम बदलून तिला वर आणावे. दिसले नाही, किंवा जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर हात काढून घ्यावा. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक आतला मजकूर खरवडला जातो. त्याच तक्त्यात तारीख भलत्याच सालातली दिसली तर आतला बटणसेल संपला. ज्या यंत्राची तारीख चुकली त्याला बँकेच्या आणि सरकारच्या साइट दारात उभे करत नाहीत.

विंडोज. कंपनीचे चिन्ह येते, खाली ठिपके गोल फिरतात आणि फिरतच राहतात. त्या त्रिभाषिक सल्ल्याला इथे एकच अपवाद: पडद्यावर अपडेट चालू आहे असे लिहिले असेल तर कानडी, दखनी, मराठी कोणाचेही ऐकू नये. चार्जर लावून जेवून यावे. तासाभराने टक्का तसूभरही हलला नसेल तर मात्र बटण दाबून बंद करावे. सुरू होताना असे दोनतीनदा तोडले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा तक्ता काढते. त्यात आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. मग नुकतेच आलेले अपडेट काढणे. मग ‘सेफ मोड’. ‘रिसेट’ सगळ्यांत शेवटी, आणि तेही ‘कीप माय फाइल्स’ वाचून. दुसऱ्या पर्यायावर बोट पडले तर घरातल्या पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, नकला नाहीशा होतात. मूळ पहाणी जात नाही. कर्नाटकने ‘भूमी’ योजनेत सुमारे २ कोटी पहाण्या संगणकात घातल्या, त्या आपल्या टेबलावर नाहीत. घाबरून बसवकल्याणला तहसील गाठू नये.

मध्येच यंत्र ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागेल. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खाते पुण्यातल्या भाच्याने उघडलेले असते. भाचा रात्रपाळीवर असतो.

उपभोग

इथवर लॅपटॉप उठला नसेल तर तो दुकानात न्यायचा. कुठल्या, हा तांत्रिक प्रश्न नाही. १ नोव्हेंबर १९५६पूर्वी जन्मलेल्या माणसाच्या मते चांगला कारागीर हैदराबादेतच मिळतो. बीदर म्हैसूर राज्यात गेला हे त्यांना मान्य आहे, पण दुरुस्तीच्या कामात नाही. ते सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरचे नाव घेतात आणि तिथे खरोखरच मजल्यावर मजले संगणकाचे आहेत. ज्यांची लेक सोलापुरात दिली ते सोलापूर म्हणतात. नोकरीवाले कलबुर्गी म्हणतात. ज्याचा अर्ज उद्या भरायचा आहे त्याने हुमनाबादला जावे.

दुकानात ‘चालत नाही’ एवढेच सांगू नये. ‘दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा टीव्हीवरही काळा, कॅप्सलॉक इतक्या वेळा लुकलुकतो’ असे सांगणाऱ्यापुढे दुकानदार मदरबोर्ड हा शब्द उच्चारण्याआधी थोडा थांबतो. ‘डेटा पुसू नका’ हे पावतीवर लिहून घ्यावे. सिरियल नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवावा.

विनोद

फोनवर भाच्याला लक्षणे सांगणे. यावर अधिक लिहीत नाही.

क्रीडा

लॅपटॉप सुरू झाला की जमलेल्यांपैकी प्रत्येकाच्या सल्ल्याने तो सुरू झालेला असतो. वाद घालू नये, सगळ्यांना श्रेय द्यावे, तेवढ्यात अर्ज भरून टाकावा. नंतर पहाणी, पासबुक, जातीचा दाखला आणि मुलांच्या मार्कांच्या प्रती पेनड्राइव्हवर उतरवाव्यात. मग पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. लॅपटॉपातच राहिला तर उद्या सकाळी पुन्हा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येईल, आणि मंडळी अजून चहाला लांब गेलेली नसतील.