मोडीवाल्याला विचारा: एका लिलाव-संयोजकास खुले पत्र

मा. संयोजक महोदय,


आपल्या धर्मादाय ऑनलाइन लिलावात मी रंगवलेल्या तांब्याच्या घागरीची बोली आपण ९९९ रुपयांपासून सुरू केलीत, त्याबद्दल हार्दिक अभिनंदन. पुण्याच्या तांबट आळीत मठारून घडवलेल्या त्या घागरीच्या नुसत्या तांब्याला मोडीत याहून जास्त पैसे येतात, आणि मोडीवाला निदान वजन तरी करतो. चित्र काढल्यामुळे घागर स्वस्त होते, हे इतक्या रोखठोकपणे सिद्ध करणारे आपण पहिलेच.

मी फोन केला तेव्हा आपण समजूत घातलीत, "अहो, खालून सुरुवात केली की लोक आपोआप चढतात." वर बीपल या डिजिटल चित्रकाराचा दाखला दिलात. दाखला खरा आहे. २०२१ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने त्याच्या डिजिटल चित्राची बोली १०० डॉलरपासून सुरू केली आणि ती सुमारे ६.९३ कोटी डॉलरवर थांबली. फरक एवढाच, की तिथे दोन आठवडे जगभरचे धनवंत एकमेकांवर कुरघोडी करत होते. आपल्याकडे आपले मेहुणे होते.

साहेब, लिलावात किंमत जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या मागचा दुसरा ठरवतो. जिंकणाऱ्याला त्या दुसऱ्याच्या फक्त एक पायरी वर जायचे असते. दुसरा आलाच नाही, तर आपली सुरुवातीची बोली हीच शेवटची किंमत. न आलेल्या त्या दुसऱ्याची जागा धरायला राखीव किंमत असते. आपण ती ठेवली नाहीत, कारण 'लोक बिचकतात'. मेहुणे अजिबात बिचकले नाहीत.

जगात एकच नग असलेल्या वस्तूला बाजारभाव नसतो, हे मान्य. गायिका जॅनिस जॉप्लिनने १९६८ मध्ये जुनी पोर्शे गाडी साडेतीन हजार डॉलरला घेतली आणि डेव्ह रिचर्ड्सला ५०० डॉलर देऊन ती नखशिखान्त रंगवून घेतली. २०१५ च्या लिलावात जाणकारांचा अंदाज चार ते सहा लाख डॉलरचा होता. गाडी गेली १७.६ लाखांना. जाणकारही चुकतात तर! पण वस्तू कोणाची, रंगवली कोणी, तशा वस्तू आधी कितीला गेल्या, हे सगळे मांडून मग ते चुकतात. आपण मांडलेत: 'रंगीत घागर, १ नग'. चित्रकाराचे नाव नाही, उंची नाही, वजन नाही. फोटो एकाच बाजूचा. चित्र घागरीभोवती फिरते, त्यामुळे गिऱ्हाइकाला एका वारकऱ्याची पाठ दिसली. पालखी पलीकडे राहिली.

पुढच्या वेळी हिशेब असा करून पाहा: कोऱ्या घागरीची खरेदी, रंग-वार्निशचा खर्च आणि चित्रकार अशा कामाचे एरवी जे घेतो त्याचे निदान निम्मे. ही झाली राखीव किंमत. तिथवर कोणी आले नाही, तर घागर चित्रकाराला परत. शेवटच्या मिनिटाला बोली आली, तर वेळ थोडा वाढवा. 'एक वार, दोन वार' म्हणत रेंगाळणारा जुना लिलाववाला दुसरे काय करत होता?

हे जमण्यासारखे नसेल, तर माझ्याकडे सोपा उपाय आहे. आपल्या पोस्टरवर '८०जी सवलत' ठळक छापलेली असते. ती पैशांच्या देणगीला मिळते, वस्तूच्या नाही. म्हणजे घागर देऊन मला पावतीचाही उपयोग नाही. तेव्हा पुढच्या वर्षी मी रंगवणार काहीच नाही. थेट ९९९ रुपयांचा धनादेश पाठवीन. आपल्या संस्थेला तेवढेच मिळेल, मला करात सूट मिळेल आणि घागर मी मोडीवाल्याला विकीन. मेहुण्यांची तेवढी गैरसोय होईल, त्यांना माझ्या वतीने सांगा.

आपला,
'१ नग' चित्रकार