डबा आधी, सायकल नंतर

पुणे-लोणावळा-पुणे सायकल मारून आलेल्या मंडळींचे खास अभिनंदन. सायकल चालवणे किरकोळ. खरी तपश्चर्या घरी पोचल्यावर सुरू होते. व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट घ्यावे, आयसोलेट की हायड्रोलायझेट? मुलीच्या स्थळाचीही इतकी चौकशी होत नाही. शिवाय खुराक 30 मिनिटांच्या आत पोटात जायला हवा. 31व्या मिनिटाला स्नायू शटर ओढून घेतात. पुण्याचेच स्नायू ते. व्हे म्हणजे चीज करताना उरणारे पाणी. हेच पाणी परदेशात पूर्वी डुकरांना पाजत. आता ते वाळवून, चॉकलेटचा वास लावून आपण पितो, ही प्रगती नाकारणारा करंटाच. 100 ग्रॅम शेंगदाण्यांतही सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, पण शेंगदाण्याच्या पुडीत स्कूप निघत नाही. स्कूपशिवाय विज्ञान कसले?

बीआरएम या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये 200 किलोमीटरना साडेतेरा तास देतात. आमची नम्र सूचना अशी, की अंतर निम्मे करून उरलेला वेळ लेबलवाचनाला द्यावा. आमच्या एका अभ्यासू स्नेह्यांनी तर त्यापुढची मजल गाठली. सायकल विकून त्यांनी वर्षाचे प्रोटीनचे डबे भरले. रिकव्हरी उत्तम चालू आहे म्हणतात.