सपाट रानाला गृहीत धरू नका

न्यू जर्सीत मराठी माणसं पुष्कळ आहेत, आणि भारतातून आई-बाबा आले की त्यांना काय दाखवायचं हेही ठरलेलं आहे. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, आणि उरलेले दिवस मॉल. एडिसनहून गाडीने सव्वा-दीड तासावर दक्षिणेला पाइन बॅरन्स आहे, पाइनची झाडं आणि पाणथळ जमीन यांचं सुमारे 11 लाख एकरांचं राखीव क्षेत्र. अटलांटिक सिटीला जाणारे याच रानातून गाडी हाकतात आणि काच खाली करत नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण इथली वाट आई-बाबांसाठीच असल्यासारखी आहे. जमीन जवळपास सपाट. इथल्या उंच टेकड्यांत गणली जाणारी अ‍ॅपल पाय हिल जेमतेम 200 फुटांची. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही इथे निवांत चालता येतं. पण सपाट म्हणून कुणी तयारी करत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. चढ समोर दिसला की माणूस आपोआप पाणी घेतो, बुटांची नाडी आवळतो. सपाट रान असा काहीच इशारा देत नाही. तो आपला आपणच घ्यायचा.

पहिला प्रश्न महिन्याचा. आई-बाबा बहुधा उन्हाळ्यात येतात आणि या रानात जायला तोच काळ सर्वांत वाईट. डास असतात, ऊन असतं आणि गोचीड असते. हरणांवर वाढणाऱ्या गोचिडीची पिल्लं मे ते जुलैत सर्वाधिक सापडतात. ती खसखशीएवढी असतात, चावली तरी कळत नाही आणि लाइम रोग देऊ शकतात. म्हणून शक्य असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबर हा काळ धरा. गोचीड तेव्हाही असते, पण मोठी असते, दिसते.

दुसरा प्रश्न कपड्यांचा, आणि इथे भीड नको. आईंनी साडी नेसू नये, सलवार किंवा पँट घालावी. कपडे फिक्या रंगाचे, मोजे पँटवर ओढलेले, पायात बूट. चपला घरी. वाटेच्या मधून चालायचं, कडेच्या गवतात शिरायचं नाही. घरी आल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानांमागे, केसांत नीट बघायचं. गोचीड चिकटल्यावर लाइमचे जंतू अंगात जायला साधारणतः एक दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे त्याच संध्याकाळची दहा मिनिटं पुढचं मोठं दुखणं टाळू शकतात. शिकारीच्या हंगामात जाणार असाल तर झगझगीत केशरी जाकीट हवंच. हंगामाच्या तारखा राज्य सरकार दरवर्षी जाहीर करतं. निघण्याआधी त्या बघा.

तिसरा प्रश्न अंतराचा. चार-पाच किलोमीटर पुरे. वाटेवर पांढरी, भुसभुशीत वाळू आहे. पाय रुततो आणि वेग कमी होतो. बॅटस्टो गावापासून सुरुवात करा. तिथे मोठा वाहनतळ आहे आणि तळ्याच्या काठाने रंगीत खुणांच्या छोट्या वाटा आहेत. गुलाबी खूण दिसली की सावध व्हा. ती बटोना ट्रेलची आहे आणि ती वाट 50 मैलांहून लांब जाते. फोनवरचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून वाळूच्या रानवाटेत घालू पाहील. तिकडे गाडी घालू नका, चाकं रुततात. फोनला सिग्नल मिळेलच असंही नाही. कागदी नकाशा खिशात ठेवा.

आता बघायचं काय ते. थोडी वाकडी वाट करून 539 क्रमांकाच्या रस्त्यालगतच्या वेब्ज मिल बॉगला जा. दलदलीवर लाकडी फळ्यांची छोटी वाट आहे. तिथे उकिडवे बसा. शेवाळात बसलेली घटपर्णी दिसेल. तिच्या पानाच्या पेल्यात पावसाचं पाणी असतं आणि आतल्या बाजूला खालच्या दिशेने वळलेली लव. किडा आत उतरतो, पण त्या लवेमुळे त्याला वर चढता येत नाही. सप्टेंबरात गेलात तर शेजारी चिकट थेंब मिरवणारं दवबिंदूचं रोपटंही सापडेल. दवबिंदू म्हटल्यावर सातारकरांना लगेच कास आठवेल, आणि ते बरोबरच आहे. कासच्या सड्यावर काय किंवा या आम्लयुक्त दलदलीत काय, मातीत नत्र फार कमी म्हणून झाड ते किड्यांकडून मिळवतं. आई-बाबांना हे समजावून सांगा. नायगारापेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहील, याची मला खात्री आहे.

पाइनच्या बुंध्यांवर काळे चट्टे दिसतील. ते वणव्याचे आहेत. इथला पिच पाइन जळाला तरी खोडातून पुन्हा फुटतो. त्याच्या काही झाडांची राळेने बंद झालेली बोंडं आगीच्या धगीनेच उघडतात. ओढ्याचं पाणी तांबूस दिसलं तर नाक मुरडू नका. ते घाण नाही. सीडरमधलं टॅनिन आणि जमिनीतलं लोखंड त्यात उतरलेलं असतं. याच लोखंडावर 1766 मध्ये बॅटस्टोची भट्टी उभी राहिली.

हे सारं आपोआप टिकलेलं नाही. जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीने एकोणिसाव्या शतकात इथली जमीन घेतली ती फिलाडेल्फियाला पाणी विकायला. राज्याने कायदा करून ते पाणी बाहेर जाऊ दिलं नाही. पुढे 1960 च्या दशकात इथे अवाढव्य विमानतळाचा घाट घातला गेला, तोही बारगळला. 1978 मध्ये केंद्राने आणि 1979 मध्ये राज्याने कायदा करून हे रान राखलं. वाळूखाली सुमारे 17 लाख कोटी गॅलन पाणी आहे आणि ते फार खोल नाही. वर जे सांडाल ते खाली झिरपतं. म्हणून साबण नको, उष्टं-खरकटं नको, डब्यातलं तेलही मातीत नको.

महाराष्ट्र मंडळांना माझं थेट सांगणं आहे. दिवाळीच्या आधीचा एक शनिवार या रानासाठी राखा. डब्यात काय न्यायचं याची यादी करतो तितक्याच काळजीने मोजे, नकाशा आणि परतल्यावरची तपासणी यांची यादी करा. मग ज्येष्ठांना पुढे चालू द्या आणि त्यांच्या चालीने चाला.