पिसाचा मान

विरारपुढे जाणाऱ्या लोकलने रविवारी सकाळी सफाळ्याला उतरणारा हौशी गळवाला ओळखायला सोपा. जाकिटाला सतरा खिसे, पण मासळीची पिशवी नाही. गळाला कोळंबी लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. तो ‘फ्लाय’, म्हणजे नकली आमिष, बांधतो. रात्र रात्र जागून, छोट्या शिकंज्यात गळ धरून त्यावर दोरा, हरणाच्या शेपटीचे केस आणि कोंबड्याचं पीस गुंडाळतो. पीसही गावठी चालत नाही. अमेरिकेत खास पिसांसाठी कोंबडे पोसतात, तिथलंच हवं. सफाळ्याचे कोंबडे हा अपमान गिळून निमूट रश्शात उतरतात.

‘लेफ्टीज डिसीव्हर’ (डिसीव्हर म्हणजे फसवणारा) नावाची फ्लाय तर १९९१ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर झळकली. फसवणाऱ्याचा सरकारी सत्कार आपल्यालाही नवा नाही म्हणा.

नकली आमिषाची कल्पना अगदीच खुळी नाही. जिताडा शिकारी मासा, हलत्या छोट्या माशावर झडपतो. ऑस्ट्रेलियात त्याला असंच पकडतात. पण वैतरणेच्या खाडीच्या गढूळ पाण्यात फ्लायची रंगसंगती पारखायला त्याला चष्माच लागेल. तोवर शेजारचा गडी पाग फेकून, बोयी झटकून घरी जेवायलाही पोचतो.

एखादा जिताडा लागलाच, तर आमचा गळवाला फोटो काढून त्याला सोडून देतो. निसर्गप्रेम! हे ऐकून मासळीवाल्या मावशींनी वजन विचारलं, मनातल्या मनात भावाने गुणलं.

“पुढच्या वेळी सोडायचाच असेल ना बाबा,” त्या म्हणाल्या, “तर आमच्या अंगणात सोड.”