ओकपू

गेली एकवीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट सांगत आलोय : आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आमच्या द्विशिक्षकी शाळेच्या भिंतीवर हे ऑइलपेंटनं लिहिलेलंसुद्धा आहे. अक्षर माझंच. त्याच भिंतीखाली बसून मी वाचनशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेसाठी प्रस्ताव लिहिला, ही माझ्या अधःपतनाची जागा म्हणून नोंदवून ठेवतो.

परिषदेचं पत्रक केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं आणि त्याखाली धडाधड अंगठे उमटले. साक्षरतेच्या पत्रकाखाली अख्ख्या केंद्राचे अंगठे! केंद्रप्रमुख साहेबांना बहुधा तेच खुपलं असावं. त्यांचा फोन आला, "गुरुजी, केंद्रातून एक तरी प्रस्ताव गेला पाहिजे. तुमचं वाचनाचं काम बरं चाललंय म्हणतात." कोण म्हणतं, हे मी विचारलं नाही. स्तुतीचा उगम शोधू नये.

सांगण्यासारखं माझ्याकडे खरंच काहीतरी होतं. सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाच्या हिशेबानं तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द वाचायचे, तेही समजून. साठ शब्द मोबाइलच्या घड्याळावर मोजता येतात. 'समजून' मोजायची सोय त्या घड्याळात नाही. माझ्या तिसरीतली एक पोर धड्यातल्या जोडाक्षरापाशी बैल अडावा तशी अडायची. एकदा तिच्या घरी गेलो, तर ती आजोबांना डेअरीची पावती वाचून दाखवत होती. एका बोटानं ओळ धरलेली, कपाळावर आठी. "आज्जा, लिटर तेवढंच हाय, फॅट उतरलंय. पेंड बदलली काय तुमी?" आजोबा चोरी पकडल्यासारखे गोठ्याकडे बघायला लागले.

एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण परिषदेला जायचं तर अंगावर इस्त्रीचे कपडे हवेत, तशी भाषाही हवी, असं मला वाटलं. शोधनिबंधाच्या शीर्षकात मध्ये अपूर्णविराम नसला तर त्यात शोध नसतो, अशी माझी समजूत आहे. म्हणून शीर्षक केलं, 'पावतीकडून प्रावीण्याकडे : दुग्धसंकलनाधारित आशयग्रहणाभिमुख वाचनविकसनाचा चिकित्सक अभ्यास'. बायकोनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "अहो, हे म्हशीवर आहे की मुलांवर?"

मर्यादा तीनशे शब्दांची होती. माझा पहिला खर्डा अकराशे चाळीस शब्दांचा झाला. हयात अर्ज लिहिण्यात गेल्यामुळे सुरुवात आपोआप 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' अशी झाली होती. तिथंच नऊ शब्द खर्ची पडले. मग परंपरेचा आढावा. १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी सुरू केलेलं नि पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेलेलं बालशिक्षणाचं काम आलं. अमेरिकेतून येऊन फलटणकर झालेल्या मॅक्सीन बर्नसन आल्या. सगळी मुळाक्षरं घोटवत न बसता थोडी अक्षरं शिकवून लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्यायचे, ही त्यांची रीत आली. यातलं कोणाला गाळायचं? शेवटी गाळायला एकच पात्र उरलं, ते म्हणजे ती पोर. तिला काढलं. आज्जालाही काढलं. म्हशीचा तर प्रश्नच नव्हता.

तरीही चारशे ऐंशी शब्द उरले. तेव्हा मला मराठीची थोरवी आठवली. हिंदीत 'घर के सामने वाले पेड़ के नीचे से' म्हणायला आठ शब्द लागतात; मराठीत 'घरासमोरच्या झाडाखालून' या दोन शब्दांत काम होतं. आमच्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामाला गोचिडासारखी चिकटून बसतात. मग मराठीच्या पोरानं आणि हिंदीच्या पोरानं मिनिटाला तेवढेच साठ शब्द वाचावेत, हे मोजमाप बरोबर कसं? खरं तर माझ्या प्रस्तावाचा विषय हाच व्हायला हवा होता. पण मुद्दा सुचला तो मांडायला नाही, लबाडी करायला. मी जे दिसेल ते जोडत सुटलो. 'दुग्धसंकलनकेंद्रपावतीवाचनाधारित' हा एक शब्द झाला. रात्री साडेअकराला संगणकानं दोनशे नव्याण्णव हा आकडा दाखवला, तेव्हा एक शब्द शिल्लक राहिल्याची मला हळहळ वाटली.

आता राहिल्या सूचना. त्या बारा होत्या. मी त्या मिनिटाला साठपेक्षा कितीतरी जास्त वेगानं वाचल्या. सातवी म्हणत होती, 'मजकूर युनिकोडमध्येच असावा.' वर्षभर शाळेचे फॉर्म भरून भरून 'कोड' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं एकच येतो : शाळेचा अकरा अंकी यू-डायस कोड. तो मी पानाच्या डोक्यावर ठळक टाकला. नववी सूचना होती, 'प्रस्तावकाची ओळख कोठेही उघड होऊ नये.' तीही पाळली. शेवटच्या 'आपला विश्वासू'च्या खालचं नाव गाळलं. अकरा बावन्नला प्रस्ताव गेला आणि मी तृप्त मनानं झोपलो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिल्या परीक्षकांनी लिहिलं होतं, 'लिपी ओळखता आली नाही. अभ्यास प्राचीन लिपीचा असल्यास प्राथमिक वाचनाशी तिचा संबंध स्पष्ट करावा.' दुसरे म्हणत होते, 'संपूर्ण प्रस्तावात वाचता येणारी एकमेव गोष्ट म्हणजे वरचा अकरा अंकी क्रमांक. त्यावरून शाळा, गाव व तालुका समजला. अनामिकतेच्या अटीचा भंग.'

म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर जे वाचायला द्यायचं होतं ते वाचता येत नव्हतं, आणि जे वाचू द्यायचं नव्हतं तेवढंच वाचता येत होतं.

आमच्या शाळेतल्या मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी एका नजरेत निदान केलं. "सर, तुम्ही कृतिदेवमध्ये टाइप केलंय. तो फॉन्ट ज्यांच्याकडे नसेल त्यांना नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात." त्यांनी मोबाइलवर फाइल उघडून दाखवली. माझी टंकलेखनाची बोटं ज्या ज्या कळांवर पडली होती, त्या सगळ्या कळा ओळीनं हजर होत्या. 'मराठी'च्या जागी इ, जे, के, बी, एच. 'गुरुजी' या शब्दाच्या पोटात तर चक्क हॅशची जाळी. आणि जिथं जिथं मी 'वाचन' लिहिलं होतं तिथं ओ, के, पी, यू.

दुसऱ्या दिवशी ते पान छापून वर्गात नेलं. वाटलं, पोरांना इंग्रजी अक्षरओळख तरी होईल. पावतीवाल्या पोरीच्या हातात दिलं. तिनं बोट ठेवलं, कपाळाला आठी घातली. "ओकपू," ती म्हणाली आणि थांबली. पुढं जाईना. "गुरुजी, ओकपू म्हंजी काय?"

बारा सूचना वाचताना मी एकदाही असा थांबलो नव्हतो.

आता वर्गात वाचनाच्या तासाला ओकपूचा तास म्हणतात. भिंतीवरच्या माझ्या सुविचाराखाली कुणीतरी खडूनं 'ओकपू करा' असं लिहून ठेवलंय. मी पुसलं नाही. यंदा पुन्हा पत्रक आलंय. प्रस्ताव नव्यानं लिहिलाय : शीर्षक 'आज्जाची पावती', अपूर्णविराम नाही, म्हैस आहे. पाठवण्याआधी सूचना मात्र त्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. सहा सूचना सरळ गेल्या. सातवीपाशी बोट थांबलं.

"गुरुजी, युनिकोड म्हंजी काय?"

"थांब," म्हटलं, "मॅडमना विचारून सांगतो."