बिनसाखरेचं गोडधोड : साहित्य, कृती आणि टीप

पाककृतीची सुरुवात हात स्वच्छ धुण्यापासून करावी, असा संकेत आहे. कृत्रिम गोडव्याचा इतिहास मात्र न धुतलेल्या हातांनीच घडवला. १८७९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले कॉन्स्टन्टिन फाल्बर्ग तसेच जेवायला बसले, पाव गोड लागला आणि सॅकरिन सापडलं. १९६५ साली जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलायला बोट चाटलं आणि अ‍ॅस्पार्टेम जगाच्या पदरात पडलं. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस यांना एक संयुग तपासायला सांगितलं होतं; त्यांनी ते चाखायला सांगितलंय असं ऐकलं आणि आज्ञाधारकपणे चाखलंही. ते सुक्रालोज निघालं, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. तिन्ही वेळा जिभेने साक्ष दिली ती एवढीच, की हे गोड आहे. हे साखरेचं काम करील, असं तिने कुठेही म्हटलेलं नाही. लो-कार्ब स्वयंपाकाला बसणाऱ्याने ही साक्ष नीट वाचावी, कारण पुढचे सगळे घोटाळे ती घाईत वाचल्यामुळे होतात.

साहित्य. आधी पदार्थ निवडावा. त्यासाठी पाककृती कागदावर उतरवून तिच्यातली साखर खोडावी आणि उरलेली यादी मोठ्याने वाचावी. रव्याच्या लाडवातली साखर खोडली की रवा उरतो, आणि शंभर ग्रॅम रव्यात सत्तरच्या आसपास ग्रॅम कर्बोदकं असतात. उकडीच्या मोदकाच्या सारणात स्टीव्हिया घातला तरी पारी तांदळाच्या पिठाचीच राहते. पुरणपोळीत गुळाची हकालपट्टी केली तरी हरभऱ्याची डाळ आणि कणीक जागच्या जागी असतात. असा पदार्थ ‘लो-कार्ब’ म्हणून वाढणं म्हणजे भाडेकरूला बाहेर काढून घर रिकामं झाल्याचं जाहीर करणं. घरमालकाचं कुटुंब आतच आहे. यावर ‘मग गूळ घालू, तो नैसर्गिक असतो’ असा आक्षेप हमखास येतो. गूळ नैसर्गिक आहे, त्यात थोडं लोहही आहे, आणि बाकीचा बहुतेक सगळा भाग साखरच आहे. रक्तातली साखर वाढताना ती उसाच्या गुऱ्हाळातून आली की कारखान्यातून, याची चौकशी होत नाही.

कृती. साखर पदार्थाला नुसती गोड करत नाही. अंगठा आणि तर्जनीत पाकाचा थेंब धरून बोटं हलकेच विलग केली की जी तार ओढली जाते, ती गोडीची नसते. पाण्यात दाटून विरघळलेल्या साखरेची असते. मोरांब्यात साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून बुरशीला थारा मिळत नाही. चिक्कीत ती दाण्यांना धरून ठेवते, कॅरॅमलमध्ये स्वतः करपून रंग देते. आता हिशेब पाहा. एक किलो साखरेची गोडी दोन ग्रॅमहून कमी शुद्ध सुक्रालोजात मावते. उरलेले ९९८ ग्रॅम कुठून आणायचे? मापाने वापरायच्या कित्येक पुड्यांत ही जागा माल्टोडेक्स्ट्रिनने भरतात. ते स्वतःच कर्बोदक आहे, म्हणजे पुढच्या दाराने काढलेला पाहुणा मागच्या दाराने पाटावर येऊन बसतो. एरिथ्रिटॉल मापाला भरतं, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याची गोडी साखरेच्या जेमतेम ६० ते ७० टक्के, गार झाल्यावर त्याचे पुन्हा खडे होतात आणि तोंडात पेपरमिंटसारखा गारवा येतो. तो गारवा गाजर हलव्यात कोणी मागितलेला नसतो. अ‍ॅस्पार्टेम आचेवर टिकत नाही, तेव्हा ते उकळत्या बासुंदीत घालणं हा निव्वळ दानधर्म होय.

मग करावं तरी काय? श्रीखंड करावं. चक्का बांधताना पाण्याबरोबर दुधातली बरीच साखर निथळून जाते, पाकाची गरज नाही, आच नाही, रंग चढवायचा नाही. इथे साखरेकडे मुख्यतः गोडीचंच खातं आहे. फक्त एका धक्क्याची तयारी ठेवावी. किलोभर चक्क्यात जवळजवळ तेवढीच साखर घालायची जुनी रीत आहे, त्यामुळे श्रीखंड दोन किलो होतं आणि साखरेला पाणी सुटून सैलही पडतं. पर्यायी गोडव्याचं श्रीखंड किलोभरच भरेल आणि डावाला चिकटून बसेल. थोडी साय फेटून घालावी. आजवर श्रीखंड म्हणून निम्मी साखरच खाल्ली जात होती, हे ज्ञान या पदार्थासोबत मोफत मिळतं.

टीप. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवायला असे गोडवे वापरू नयेत, अशी शिफारस केली आहे. दीर्घकाळात चरबी घटण्याचा लाभ त्यांना दिसला नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना मात्र ती लागू नाही. म्हणून हा सगळा खटाटोप व्यर्थ, असं मात्र नाही. जिथे साखर फक्त गोडीपुरती आहे, तिथे पर्याय प्रामाणिकपणे काम करतो. चहात करतो, लिंबू सरबतात करतो, श्रीखंडात करतो. वाचलेल्या साखरेच्या भरवशावर दुसरी वाटी घेतली, तर दोष पुडीचा नाही. शेवटची सूचना वाढपासंबंधी. शुगर-फ्री श्रीखंडासोबत पुऱ्या वाढायला हरकत नाही, कारण पुरीही शुगर-फ्रीच असते; तिच्यात साखर कधी नव्हतीच.